संगणकावरील सामुदायिक युद्धखेळांत विमान चालविण्याचे शिक्षण : काही अडचणी

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने माजिवड्याच्या पुढे निघाले म्हणजे सकाळच्या प्रहरी मोटार शिकविणाऱ्या संस्थांच्या लहान गाड्या हटकून दृष्टीस पडतात. छपरावर पाटी, मागेपुढे तांबडे 'एल' अक्षर, चालकाच्या जागी घाम पुसणारा विद्यार्थी आणि शेजारी निर्विकार चेहऱ्याचा शिक्षक. न्हावाशेव्याच्या बंदराकडून गुजरातेकडे जाणारे अवजड कंटेनर ज्या रस्त्याने धडधडत जातात आणि गायमुखच्या घाटात जेथे मुरलेला चालकही स्टीअरिंग घट्ट धरतो, त्याच रस्त्यावर हा नवशिका गाडी शिकतो व बहुधा सुखरूप घरी परततो. याचे श्रेय त्याच्या कौशल्यास नाही. शिक्षकाच्या पायाखाली दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक असतो, हे त्याचे कारण होय. शिवाय ते तांबडे अक्षर पाहून इतर वाहने थोडे अंतर राखतात. निदान शिव्या देताना तरी त्याचा विचार करतात.

याच रस्त्याच्या दोन्ही अंगांस उभ्या राहिलेल्या उंच इमारतींच्या खोल्यांतून सायंकाळी आणखी एक शिक्षण चाललेले असते. शाळा-महाविद्यालयांतील मुले संगणकापुढे बसून लढाऊ विमान चालवावयास शिकत असतात. २००२ साली आलेला 'बॅटलफील्ड १९४२' आणि त्याच्या पुढील आवृत्त्या, २०१२ पासून सर्वांस खुला झालेला 'वॉर थंडर' अशा खेळांत देशोदेशींचे खेळाडू एकाच वेळी एकाच आकाशात उतरतात. येथे दुसरा ब्रेक नाही, तांबडे अक्षर नाही आणि भोवतालच्या कंटेनरांचे चालक तर नवशिक्यास चिरडण्याच्या उद्देशानेच निघालेले आहेत. अशा परिस्थितीत विमान चालविणे शिकणे इतके अवघड का होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु प्रस्तुत लेखकास तो एका घरगुती प्रसंगाने विचार करावयास लावणारा ठरला. कासारवडवलीस राहणाऱ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अकरावीत असून वैमानिक व्हावे असे त्याच्या मनात पुष्कळ दिवस होते. सुट्टीत त्याने असा एक खेळ हाती घेतला. काही आठवड्यांनी भेट झाली तेव्हा तो म्हणाला, "मामा, मला नाही जमायचं हे. आपल्याला कोण मारतंय तेच कळत नाही." आणि मग आईकडे न पाहता, वैमानिक होण्याचा विचार सोडला आहे, असे त्याने सांगून टाकले. पहिल्या वाक्यातील तक्रार अगदी खरी आहे आणि तिच्यापासून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, असे या लेखकाचे मत आहे.

प्रथम विमानाचाच विचार करू. मोटारीस उजवीकडे अथवा डावीकडे वळणे एवढेच ठाऊक असते. विमानाचे नाक वर-खाली होते, ते एका पंखावर कलते आणि नाक डाव्या-उजव्या अंगासही वळविता येते. नवशिक्याची पहिली समजूत अशी असते की वळावयाचे म्हणजे नाक त्या दिशेस वळवावयाचे. वस्तुतः विमान वळते ते कलण्याने. पंख कलले म्हणजे त्यांच्या उचलणाऱ्या बलाचा काही भाग आडवा होतो आणि तोच विमानास वळणाच्या आत ओढतो. आता उचलण्यास उरलेला भाग कमी पडतो, म्हणून दांडी मागे ओढून पंखांकडून अधिक काम घ्यावे लागते. साठ अंश कलून उंची न गमावता वळणाऱ्या विमानाच्या पंखांवर विमानाच्या वजनाच्या दुप्पट भार येतो, आणि ज्या वेगाखाली पंख निकामी होतात तो वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ उड्डाणात ताशी १५० किलोमीटरपर्यंत तग धरणारे विमान अशा वळणात २१२ किलोमीटरलाच कोसळू लागते. पंख हवेला फार मोठ्या कोनात सामोरा गेला म्हणजे त्याच्या वरच्या पृष्ठभागावरील प्रवाह सुटतो व उचल एकाएकी घटते. यालाच स्टॉल म्हणतात. एंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही. यावरील उपाय नाक खाली करणे हा होय. परंतु जमीन समोर वाढत असताना नाक खाली करणे हे मनुष्यस्वभावाच्या अगदी उलट आहे. मुलगा घाबरून दांडी आणखी मागे ओढतो आणि विमान गिरक्या घेत खाली जाते.

ही अडचण जाणूनच काही खेळांनी एक सोय केली आहे. 'वॉर थंडर'मध्ये आर्केड, रिअलिस्टिक व सिम्युलेटर असे तीन प्रकार आहेत. पहिल्या दोहोंत खेळाडू माउसने केवळ आकाशातील एक बिंदू दाखवितो. विमान किती कलवावे, सुकाणू किती द्यावे, हे संगणकातील अदृश्य साहाय्यक ठरवितो. सोय उत्तम आहे, परंतु तिची किंमत आहे. मुलगा विमान चालवावयास शिकत नाही, तर विमानास बोट दाखवावयास शिकतो. तिसऱ्या प्रकारात हा साहाय्यक नसतो व दृष्टीही विमानाच्या आतूनच असते. तेथे गेल्यावर आधीच्या महिन्यांतील सवय उपयोगी पडण्याऐवजी आड येते. शिवाय ज्याच्याजवळ जॉयस्टिक नाही त्यास कीबोर्डच्या कळांवर काम भागवावे लागते. कळ एकतर दाबलेली असते किंवा नसते. अर्धवट दाबणे हा प्रकार तिला ठाऊक नाही. नाजूक हाताने करावयाचे काम ठोकून करण्यासारखे हे आहे.

हात बसल्यानंतरही जे कळण्यास सर्वाधिक काळ लागतो ते उंची आणि वेग यांचे नाते होय. येऊरच्या डोंगरावर दुपारी घारी पंख न हलविता घिरट्या घेतात, ते या रस्त्यावरील वरच्या मजल्यांतून सहज दिसते. तापलेल्या हवेने मिळालेली उंची घार साठवून ठेवते आणि खाली काही दिसले म्हणजे ती उंची वेगाच्या रूपाने खर्च करते. लढाऊ वैमानिकाचा व्यवहार हाच आहे. ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान १,००० मीटर खाली सूर मारील, तर हवेचा रोध बाजूस ठेवल्यास त्याचा वेग ताशी सुमारे ५८५ किलोमीटर होईल. उलट तेवढी उंची परत मिळविण्यास त्यास तोच वेग मोजावा लागेल. म्हणून ज्याच्या हाती उंची आहे त्याच्या हाती लढाईची वेळ ठरविणे असते. वाटल्यास तो झडप घालतो, न वाटल्यास निघून जातो. नवशिका मात्र शत्रू दिसताच त्याच्या मागे वळू लागतो. प्रत्येक करकचून घेतलेल्या वळणात त्याचा वेग खर्च होतो, चौथ्या वळणापर्यंत तो झाडांच्या उंचीवर ताशी दोनशेने रेंगाळत असतो आणि वरून कोणीतरी शांतपणे उतरून त्यास संपवितो. त्याच्या समजुतीप्रमाणे तो शेवटच्या सेकंदात मारला गेला. वास्तविक त्याचे मरण दीड मिनिटापूर्वी, पहिल्या वळणातच ठरले होते.

नेमबाजीची गोष्ट त्यामानाने सोपी, पण तीही सांगितली पाहिजे. सेकंदास ८०० मीटर जाणाऱ्या गोळीस ३०० मीटर अंतर तोडण्यास एक तृतीयांश सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढ्यात ताशी ४०० किलोमीटर वेगाने आडवे जाणारे विमान सुमारे ४२ मीटर पुढे गेलेले असते, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायरच्या लांबीच्या चौपटीहून अधिक. तेव्हा जेथे विमान आहे तेथे नव्हे, तर जेथे ते असणार आहे तेथे गोळी धाडावयाची. सोप्या प्रकारांत खेळ स्वतःच तो बिंदू दाखवितो. कठीण प्रकारांत तो अंदाज स्वतःस करावा लागतो.

यात आणखी एक कालहरण मिसळते, ज्याची वास्तविक वैमानिकास कल्पनाही नसेल. खेळाचा सर्व्हर दूरच्या शहरी असतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर धरले तर निरोप जाऊन येण्यास किमान ३९ सहस्रांश सेकंद लागावयाचेच, आणि केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात अधिक. युरोपातील सर्व्हर असल्यास हा वेळ दुपटीच्या वर जातो. मुले यास 'पिंग' म्हणतात. पिंग १५० असेल तर तेवढ्या वेळात ४०० किलोमीटर वेगाचे विमान १६-१७ मीटर सरकते. खेळ हा फरक अंदाजाने भरून काढण्याचा यत्न करतो, पण तो अंदाजच. संध्याकाळी सोसायटीतील प्रत्येक घर चित्रपट पाहू लागले म्हणजे पिंग स्थिर राहत नाही, आणि अस्थिर पिंग मोठ्या पिंगहून वाईट. कारण स्थिर दोषाची हातास सवय होते, चंचल दोषाची होत नाही.

येथवर सांगितलेल्या अडचणी कठीण असल्या तरी दुर्लंघ्य नव्हेत. प्रत्येक गोष्ट सुटी सुटी शिकली तर साधारण बुद्धीच्या मुलासही येते. खरी मेख अशी की सामुदायिक खेळात त्या सुट्या मिळत नाहीत. १९६७ साली फिट्स व पोझनर या मानसशास्त्रज्ञांनी कौशल्यसंपादनाच्या तीन अवस्था सांगितल्या. प्रथम प्रत्येक क्रिया विचारपूर्वक करावी लागते, मग क्रिया एकमेकींस जोडल्या जातात आणि शेवटी त्या लक्ष न देता घडू लागतात. पोळी लाटणाऱ्या गृहिणीस हात कसा फिरवावा हे आठवावे लागत नाही, म्हणून तिला बोलता येते. पहिल्या अवस्थेतील मनुष्याचे सारे लक्ष हातांवर असते. परंतु हवाई लढाईत लक्ष बाहेर हवे, विशेषतः मागे. खेळाच्या पडद्यावर तर आधीच खिडकीएवढे आकाश दिसते; मान वळविण्याचे काम वेगळ्या कळेने करावे लागते आणि पाठीस येणारा वारा अथवा आसनाचा दाब असे काहीच अंगास जाणवत नाही. विमान सावरण्यात गुंतलेला मुलगा मागे पाहू शकत नाही, आणि मागे पाहिलेच तर विमान सावरू शकत नाही. त्याला कोण मारते हे कळत नाही, याचे कारण हे असे आहे.

आता शिक्षणाच्या दृष्टीने याचा परिणाम पाहा. चूक केली आणि तिचे फळ लगेच दिसले तर मनुष्य शिकतो. विस्तवास हात लावलेले मूल एकदाच शिकते. परंतु चूक पहिल्या वळणात आणि शिक्षा दीड मिनिटानंतर, तीही अदृश्य हाताने, अशी व्यवस्था असेल तर शिक्षा मिळते व शिक्षण होत नाही. मुलगा शेवटच्या क्षणी जे करीत होता त्यास दोष देतो. कधी सरळ जात असताना मारला गेला म्हणून वळावयास हवे होते असे ठरवितो, कधी वळत असताना मारला गेला म्हणून उलट ठरवितो. वीस मरणांनंतर त्याच्याजवळ वीस परस्परविरोधी नियम जमतात. आणि मेल्यावर पुढील विमान मिळेपर्यंतचा, पुन्हा धावपट्टीपासून रणांगणापर्यंत जाण्याचा वेळ धरला, तर तासभर बसून प्रत्यक्ष लढाईचा सराव काही मिनिटांचाच होतो.

हा अनुभव विमानविद्येच्या इतिहासात नवा नाही. पहिल्या महायुद्धाच्या पूर्वार्धात ब्रिटिश वैमानिकांची स्थिती जवळजवळ अशीच होती. थोडक्या तासांचे उड्डाण झालेले तरुण आघाडीवर जात आणि अनुभवी जर्मन वैमानिकांपुढे पडत. १९१७ च्या एप्रिल महिन्यात अरासच्या लढाईच्या वेळी झालेल्या संहारात असे नवखे पुष्कळ होते. शिकविणाऱ्यांची वृत्ती विद्यार्थ्यास धोक्यापासून दूर ठेवण्याची असे. गिरकीत सापडलेले विमान कसे सोडवावे हे त्यास सांगितलेले नसे, कारण गिरकीत सापडूच नये असा उपदेश असे. त्याच वर्षी रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील गॉस्पोर्ट येथे ही पद्धत उलटी केली. अॅव्रो विमानास दुहेरी दांड्या बसविल्या, शिक्षकाचे बोलणे विद्यार्थ्याच्या कानी जावे म्हणून बोलण्याची नळी जोडली आणि धोक्याची स्थिती मुद्दाम निर्माण करून तीतून बाहेर कसे यावे हे शिकविण्यास आरंभ केला. घोडबंदर रस्त्यावरील शिक्षकाचा दुसरा ब्रेक हा या कल्पनेचाच भाऊबंद म्हणावा. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे ज्या ब्रिटिश हवाई दलात वैमानिक झाले आणि १९१८ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये ज्यांचा अंत झाला, ते याच काळातील होत.

यंत्रावर उडण्याचे शिक्षण देण्याची कल्पनाही जुनी आहे. अमेरिकेतील एडविन लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. त्याने १९२९ च्या सुमारास ऑर्गनच्या भात्यांवर डोलणारे एक लहान विमान तयार केले. आरंभी त्यास गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांचे! १९३४ साली अमेरिकन लष्कराने ती यंत्रे घेतली आणि दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिक त्यांवर शिकले. तेव्हा खेळणे आणि शिक्षणसाधन यांतील सीमा पहिल्यापासूनच पुसट आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

खेळाचा खऱ्या उड्डाणास उपयोग होतो काय, या प्रश्नाचेही काही उत्तर उपलब्ध आहे. गोफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली इस्रायली हवाई दलाच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. 'स्पेस फोर्ट्रेस' या खेळाचे दहा तासांचे शिक्षण मिळालेले विद्यार्थी प्रत्यक्ष उड्डाणाच्या परीक्षेत ते न मिळालेल्यांपेक्षा सरस ठरले. हा खेळ विमानासारखा दिसतही नाही. त्यात एक साधी आकृती पडद्यावर फिरते. परंतु अनेक गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष कसे वाटावे, हे त्यात क्रमाने शिकविले होते. आज या अंगाकडे लक्ष द्या, उद्या त्या अंगाकडे, अशा रीतीने. उपयोगी पडले ते हे क्रमवार शिक्षण. चित्र हुबेहूब असण्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. आजच्या युद्धखेळांत चित्र हुबेहूब आहे आणि क्रम मात्र नाही.

सामुदायिक खेळाची आणखी एक अडचण सामाजिक स्वरूपाची आहे. 'बॅटलफील्ड'सारख्या खेळांत एका पक्षास विमाने मोजकीच मिळतात. बाकीचे खेळाडू पायदळात वा रणगाड्यांत असतात. नवशिक्याने विमान घेऊन ते धावपट्टीच्या टोकाशी आपटले, तर नुकसान सर्व पक्षाचे होते आणि रांगेत थांबलेला जाणता खेळाडू त्यास चारचौघांत ऐकवितो. पुढच्या वेळी मुलगा विमानाकडे फिरकतच नाही. ज्याला सरावाची गरज सर्वांत अधिक त्यालाच सराव सर्वांत कमी, असा हा उफराटा न्याय आहे. जाणत्यांचेही सर्वस्वी चुकते असे नाही. सहकाऱ्यांच्या गर्दीत जाणत्याचाही घात होतो. १९१६ साली हवाई लढाईचे नियम प्रथम लिहून काढणारा जर्मन वैमानिक बोल्के हा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्याच तुकडीतील विमानाचा धक्का लागून पडला.

मग करावे काय? भाच्यास या लेखकाने जे सुचविले ते असे. काही दिवस लढाईत जाऊच नये. बहुतेक खेळांत एकट्याने उडण्याची सोय असते. तेथे विमान मुद्दाम स्टॉल करावे आणि सावरावे. पन्नास वेळा करावे, म्हणजे नाक खाली करण्याची भीती मोडते. नंतर वेगाच्या आकड्याकडे न पाहता केवळ आवाजावरून वेग ओळखता येतो का पाहावे. लढाईत गेल्यावर शत्रू पाडण्याचा संकल्प न करता उंची न गमावण्याचा आणि ठरावीक वेळाने मागे पाहण्याचा संकल्प करावा, एका दिवशी एकच. आणि मेल्यानंतर लगेच नवे विमान न घेता, 'वॉर थंडर'मध्ये लढाईची जी नोंद राहते ती शत्रूच्या बाजूने पाहावी. दीड मिनिटापूर्वीची चूक तेथे डोळ्यांस दिसते. चूक आणि शिक्षा यांची तुटलेली गाठ पुन्हा बांधली जाते. शक्य तर एखादा जाणता सोबती हेडफोनवर घ्यावा. स्मिथ-बॅरीच्या नळीचे काम हा हेडफोन उत्तम करतो.

या शिक्षणाच्या मर्यादाही त्यास सांगितल्या. खुर्चीत बसलेल्यास वळणातील भार जाणवत नाही, उलटी होत नाही आणि मृत्यूचे भय नसते. उलट ढगात शरीराची जाणीव वैमानिकास फसविते व यंत्रांवरच विश्वास ठेवावा लागतो, तेथे खेळाडूस ती सवय आधीच असते. पण हा लाभ लहान आहे. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास २०० तासांचे प्रत्यक्ष उड्डाण लागते. बारामती अथवा गोंदियासारख्या ठिकाणी जाऊन, काही लक्ष रुपये खर्चून ते करावे लागते, आणि तेथे पहिल्या दिवसापासून शेजारी शिक्षक बसतो. त्या परीक्षेत मुलगा उतरेल किंवा नाही हे आज कोणी सांगू शकणार नाही. परंतु जेथे शिक्षकच नव्हता तेथील अपयशावरून ते ठरविता येत नाही, एवढे त्यास पटले असावे. मागच्या रविवारी गेलो तेव्हा तो डोंबिवलीच्या एका मोठ्या मुलाशी हेडफोनवर बोलत होता. विमान उंचावर होते आणि पलीकडून तो दादा त्याला दर थोड्या वेळाने एकच गोष्ट सांगत होता, "मागे बघ." तो बघत होता, आणि विमान सरळ चालले होते.